हात न लावता दुरुस्ती

डोंगरावर धूर दिसतो, अग्नी दिसत नाही. तरी तो तिथे आहे असं आपण म्हणतो. न्यायदर्शनातलं हे अनुमान आपण मागे पाहिलं. आज ते अवकाशात कसं चालतं ते पाहू.

१ मार्च २०१३ रोजी फ्लोरिडातल्या केप कॅनव्हरलहून 'ड्रॅगन' हे मालवाहू यान आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघालं. आत माणूस नाही. रॉकेटपासून सुटल्यावर कळलं, की छोट्या इंजिनांच्या चार गटांपैकी तीन सुरूच होत नाहीत. स्थानकाजवळ जायचं तर निदान तीन गट चालू हवेत. नाहीतर सगळा माल अधांतरी!

जमिनीवरच्या अभियंत्यांच्या हाती होते फक्त आकडे. तीनही गटांच्या ऑक्सिडायझरच्या टाक्यांत दाब कमी. आता बघा, टाक्या वेगळ्या पण लक्षण एकच. तीन वेगळे बिघाड एकाच वेळी कसे होतील? कारण समान असणार: दाब देणारा हेलियम वाटेत अडतोय, म्हणजे झडपा चिकटल्यात.

मग त्यांनी यानाला नवे आदेश पाठवले: झडपांमागे दाब साठवायचा आणि एकदम सोडायचा. झडपा मोकळ्या झाल्या, चारही गट चालू झाले. ३ मार्चला, एक दिवस उशिरा, यान स्थानकाला जोडलं गेलं.

झडप कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. मग निदान बरोबर होतं हे कशावरून? नैयायिक सांगतात, ज्ञानाचं खरेपण त्यावर बेतलेली कृती सफल झाली की कळतं. इथे उपाय हीच परीक्षा होती.