सात प्रोसेसर, एकवीस तारा

पवईच्या आयआयटीत शिकलेल्यांपैकी एक नरेंद्र करमरकर, १९७८चे विद्युत अभियंते. १९८४मध्ये मांडलेल्या एका अल्गोरिदममुळे त्यांचं नाव जगभर झालं. त्यांचं दुसरं काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. १९९१मध्ये त्यांनी महासंगणकाची जोडणीच भूमितीतून मांडली.

प्रश्न साधा आहे. हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडायचे कसे? एका रांगेत जोडले तर मध्य रेल्वेसारखं होतं: मध्ये एक गाडी अडली की मागच्या सगळ्या खोळंबल्या. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडावं, तर तारांचं जंगल.

करमरकरांची युक्ती लहान आकड्यांत पाहू. सात प्रोसेसर आणि मेमरीचे सात कप्पे. पहिल्या प्रोसेसरला १, २, ४ हे कप्पे, दुसऱ्याला २, ३, ५, तिसऱ्याला ३, ४, ६. असंच एकेक पुढे सरकत जायचं, सातनंतर पुन्हा एक. आता कोणतेही दोन प्रोसेसर घ्या, त्यांचा नेमका एकच कप्पा सामाईक निघतो, भूमितीत दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात तसा. कागदावर करून बघाच. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक कप्प्याला जोडायला एकोणपन्नास तारा लागल्या असत्या, इथे एकवीस पुरतात आणि निरोप एका कप्प्यातून पोहोचतो.

इतकी देखणी रचना, पण बाजारात चालली ती दुसरीच: संगणकशास्त्रज्ञ लायझरसन यांचं १९८५चं ‘फॅट ट्री’. झाडासारख्या या मांडणीत खोडाकडे तारा जाड होत जातात, म्हणून खोडाजवळच्या स्विचपाशी गर्दी तुंबत नाही. शिवाय तयार स्विच विकत आणून ती उभारता येते.