दोन दिवसांचा सुधारलेला प्रवाह

ऑकलंडच्या मॉन्ट लिगिन्स यांना खरं तर प्रसूतीच्या कळा कशा सुरू होतात याचा छडा लावायचा होता. त्यासाठी ते मेंढीच्या गर्भाला स्टेरॉइड देत होते. दिवस न भरलेलं एक कोकरू जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत राहिलं. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस होवी यांनी मग स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची २८२ मातांवर चाचणी घेतली. १९७२ साली निष्कर्ष छापून आला: अचानक लवकर प्रसूती झालेल्यांत बाळांच्या श्वसनविकाराचं प्रमाण २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं होतं. तरी अमेरिकेत या इंजेक्शनाची ठाम शिफारस व्हायला १९९४ उजाडलं. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

दरम्यान रक्तप्रवाह मोजणारा डॉपलर आला. नाळेतल्या रक्तप्रवाहाचे संकेत डब्लिनमध्ये १९७७ सालीच टिपले गेले होते. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही बाळाचं रक्त वारेकडे वाहत राहायला हवं. वारेतल्या रक्तवाहिन्यांचा विरोध वाढला की तो प्रवाह आधी क्षीण होतो, मग थांबतो, शेवटी उलटा फिरतो. वाढ खुंटलेल्या बाळाच्या रिपोर्टात डॉक्टर आधी हेच शोधतात.

१९९९ साली वॉलेस आणि बेकर या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चमत्कारिक निरीक्षण मांडलं. बीटामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर अनेक गर्भांमध्ये हा हरवलेला प्रवाह परत दिसू लागला होता! आनंद व्हावा अशीच गोष्ट. पण तो काही दिवसांचाच पाहुणा. वार होती तशीच होती. मग बदललं काय? वारेतल्या रक्तवाहिन्या सैलावल्या असाव्यात, हा एक तर्क. दुसरीकडे, मेंढीच्या गर्भाला हेच औषध दिलं की त्याचा रक्तदाब चढतो, हे प्रयोगांत दिसलं होतं. म्हणजे वाट मोकळी झाली की मागून रेटा वाढला, हे नुसत्या आलेखावरून सांगता येत नाही.

गंमत अशी, की याच दिवसांत दुसरा आलेख उलटं बोलतो. उट्रेख्टच्या अभ्यासकांना नव्वदच्या दशकात दिसलं, की बीटामेथासोननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाची हालचाल मंदावते, हृदयाच्या ठोक्यांतला चढउतार कमी होतो आणि चौथ्या दिवसापर्यंत सगळं पूर्ववत होतं. एक तपासणी म्हणते बाळ सुधारलं, दुसरी म्हणते बाळ दमलं. इंजेक्शनाची तारीख ठाऊक नसलेला डॉक्टर दोन्हींनी फसेल: पहिलीवर विसंबून थांबेल, दुसरीला घाबरून नको तेव्हा सिझेरियन करेल.

त्याच दशकात दर आठवड्याला डोस देण्याची टूम निघाली. बाळांचं वजन कमी भरू लागल्याचं दिसल्यावर २००० साली तिला लगाम बसला. नागपूर-बेळगावसह सहा देशांतल्या ठिकाणी झालेल्या २०१५च्या मोठ्या चाचणीने तर गावपातळीवर सरसकट वापर वाढवण्याच्या उत्साहावर पाणी ओतलं. एकूण नवजात मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. दिवस नेमके किती भरलेत याची खात्री आणि नवजात बाळाची नीट काळजी घेण्याची सोय, या अटी २०२०च्या दुसऱ्या एका चाचणीत होत्या. तिथे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचले.

वाढ खुंटलेल्या बाळांचं मात्र वेगळंच आहे. इंजेक्शननंतरही ज्यांचा प्रवाह परतला नाही किंवा लगेच विरला, अशांची प्रकृती २००४च्या एका छोट्या अभ्यासात अधिक बिघडलेली आढळली. अशा बाळांचा डॉपलर आता इंजेक्शननंतर वारंवार केला जातो.