समुद्र घरीं आणतांना

धरमपेठेंतील मुलाची पाण्याशीं पहिली ओळख अंबाझरीच्या काठावर होते. समुद्र त्यास प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकांत. म्हणून समुद्रांतील रंगीत मासे घरीं पाळावे अशी इच्छा आपल्या विद्यार्थ्यांस झाली तर नवल नाहीं. इंग्लंडांतील धर्मनिष्ठ सृष्टिशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ सालींच क्षार मिसळून समुद्राचें पाणी तयार करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तें समुद्राच्या अगदीं काठावर. आपल्या नागपुरास तो शेजार नाहीं; म्हणून येथें गॉस यांचाच मार्ग धरावा लागतो.

प्रथम पाण्याचा विचार करूं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. परंतु स्वयंपाकघरांतील मीठ तितकें घालून समुद्र होत नाहीं. कारण समुद्रांत मिठाशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादिकांचे क्षारही असतात. यासाठीं मुद्दाम केलेलें मिश्रणच विकत घ्यावें. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो, तो माशांस घातक होय. म्हणून शुद्धीकरण यंत्रांतून काढलेलें पाणी वापरणें उत्तम.

आतां नळांची रचना पाहूं. दोन टाक्या लागतात. वरची कांचेची, ती मासे ठेवण्याची. खालची मेजाच्या पोटांत लपलेली, ती पाणी गाळण्याची. वरच्या टाकीच्या कोपऱ्यांत एक सांडवा करितात. त्यावरून पाणी नळावाटे आपल्याच वजनानें खालीं उतरतें. तेथें कापडी पिशवी गाळ अडविते, आणि एक यंत्र बारीक बुडबुडे सोडून मळ फेसाबरोबर वेगळा काढतें. मग पंप तें पाणी पुन्हां वर चढवितो. नळ व तोट्या पीव्हीसीच्या असाव्या. पितळ किंवा तांबें यांचा पाण्यास स्पर्श होऊं देऊं नये, कारण तांब्याचा अंश शिंपले, कोळंबी अशा प्राण्यांस विष होतो.

या रचनेची खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पंप थांबला कीं वर चढविणाऱ्या नळांतून पाणी उलट खालीं येऊं लागतें. नळाचें तोंड पाण्यांत बुडालेलें असल्यास वक्रनलिकेच्या न्यायानें तें तोंड उघडें पडेपर्यंत पाणी उतरत राहतें. टाकी ९० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद आहे आणि तोंड १० सेंटिमीटर खोल आहे, असें समजा. तिघांचा गुणाकार करा : ४०,५०० घन सेंटिमीटर, म्हणजे ४० लिटरांहून अधिक पाणी! खालच्या टाकींत तितकी जागा नसेल तर तें खोलीभर पसरेल. २०२३ च्या सप्टेंबरांत अंबाझरीच्या सांडव्यावरून आलेलें पाणी खालच्या वस्त्यांत शिरलें, तें आपण विसरलों नाहीं. सांडव्याखालीं पाण्यास जागा हवी, हा नियम तळ्यास लागू आहे तसाच टाकीसही आहे.

उपाय सोपा आहे. नळाचें तोंड पृष्ठभागाजवळ ठेवावें आणि पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं नळास एक लहान भोंक पाडावें. पातळी तेथवर उतरतांच नळांत हवा शिरते व धार तुटते. हें भोंक शेवाळानें बुजूं नये म्हणून तें वरचेवर साफ करावें. सांधे पुरते वाळल्यावर प्रथम साधें पाणी भरावें, पंप चालवावा, आणि मग आपल्या हातानें वीज बंद करून खालची टाकी ओसंडते कीं नाहीं तें पाहावें. या परीक्षेंत रचना उतरल्यावरच क्षार मिसळावे.

तरीही मासे आणण्याची घाई नको. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो त्यांचाच प्राण घेतो. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास दाखविलें कीं, कांहीं सूक्ष्म जंतु अमोनियाचें रूपांतर नायट्राइटमध्यें करितात व दुसरे कांहीं त्याचें नायट्रेट करितात. नायट्रेट पुष्कळ सौम्य असतें, आणि अधूनमधून थोडें पाणी बदलल्यानें तेंही कमी होतें. हे जंतु दगडांवर वाढून कामास लागण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर टाकी रिकामी दिसते. परंतु सर्वांत मोठें काम तेव्हांच चाललेलें असतें.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार तर आधींच करावा. या माशांस २४ ते २७ अंश उष्णता मानवते, आणि आपला पारा ४५ अंशांवर जातो. पृष्ठभागावर पंखा सोडल्यास कूलरच्या न्यायानें पाणी निवतें, परंतु जितकें उडून जातें तितकें उरलेलें अधिक खारट होतें. कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो तो याच कारणानें. म्हणून रोज गोड्या पाण्याचीच भर घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. पावसाळ्यांत दमट हवेमुळें पंखा लंगडा पडतो. तेव्हां शीतयंत्र लागतें. त्याचा खर्च पालकांनीं आरंभींच हिशेबांत धरावा.

शेवटीं एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. प्रवाळ व समुद्रघोडे यांस २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. ते समुद्रांतून पकडून विकणें हा गुन्हा होय. क्लाउनफिशची पैदास मात्र आतां टाक्यांतूनही होते. तसेच मासे विचारून घ्यावे. ईश्वरानें मनुष्यास सृष्टीचा कारभारी नेमिलें आहे, मालक नव्हे. रोज खारटपणा मोजण्याची आणि सुटींत गांवीं जातांना टाकी कोणाच्या स्वाधीन करावी हें ठरविण्याची ज्याची तयारी आहे, त्यानें हा उद्योग खुशाल आरंभावा. ज्याची नाहीं, त्यानें समुद्र पाहावयास मुंबईची गाडी धरावी. तोही आनंद कांहीं थोडा नाहीं.