हवाप्रदूषण व कार्बन उत्सर्जनविषयक कायदे आणि ग्रामीण परिसर : कनेरगाव नाका (जि. हिंगोली) येथील संदर्भात

प्रस्तावना

हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका हे गाव मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवर वसलेले आहे. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६१ येथून जातो आणि अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानकही येथे आहे. अशा परिसरातील हवेत मिसळणारा धूर व धूळ ही प्रामुख्याने जड वाहने, घरगुती चुली, वीटभट्ट्या, शेतात जाळला जाणारा पालापाचोळा आणि हंगामात हळद शिजवण्याच्या कढया यांतून येते. हवाप्रदूषणाचा कायदा येथे लागू आहे काय, असा प्रश्न विचारल्यास उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. तो येथे कोणत्या साधनाने राबवावयाचा, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात याच दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

व्याख्या आणि मापदंड

आपल्या भागात हा कायदा उशिरा आला. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ मध्येच कायदा झाला होता. परंतु तेव्हा हिंगोलीचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर संसदेने वायु (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ संमत केला. महाराष्ट्रात प्रथम काही क्षेत्रेच 'वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र' म्हणून घोषित झाली होती. ६ नोव्हेंबर १९९६ पासून संपूर्ण राज्य असे क्षेत्र आहे. म्हणजे मुंबईतील चेंबूर आणि कनेरगाव नाका यांच्यात कायद्याच्या दृष्टीने भेद नाही.

अधिनियमातील प्रदूषकाची व्याख्याही व्यापक आहे. मनुष्य, इतर सजीव, वनस्पती, मालमत्ता किंवा पर्यावरण यांना अपायकारक ठरेल इतक्या प्रमाणात हवेत असलेला कोणताही घन, द्रव वा वायुरूप पदार्थ तीत बसतो. पण व्याख्येवरून खटला चालत नाही, त्यासाठी मापदंड लागतो. १८ नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषके आहेत. त्यांपैकी अतिसूक्ष्म धूलिकणांची (पीएम २.५) वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सुचविले. पुराव्याची रीत पाहता ही अडचण अधिक स्पष्ट होते. कलम २६ नुसार मंडळाचा अधिकारी धुरांडे, नळी किंवा अन्य निर्गममार्गातून नमुना घेतो. कारखान्यासाठी ही रीत योग्यच आहे. परंतु उघड्यावर रचलेल्या आव्याला धुरांडे नसते आणि चुलीलाही बहुधा नसते.

यादीतील शहरे आणि यादीबाहेरील गावे

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने ही दरी एका अर्थी रुंदावली. सलग पाच वर्षांच्या नोंदींत मानके ओलांडणारी शहरे हा या कार्यक्रमाचा प्रमुख आधार होता. महाराष्ट्रातील १९ शहरांत मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना व लातूर, तर शेजारच्या विदर्भातून अकोला, अमरावती, नागपूर व चंद्रपूर यांचा समावेश झाला. ज्या ठिकाणी मोजणीच होत नाही, त्याचे नाव अशा यादीत येण्याचा मार्ग नाही. त्यामुळे यादीत नसणे हा हवा शुद्ध असल्याचा पुरावा मानता येणार नाही.

या यादीचे परिणाम इतरत्रही उमटतात. केंद्र शासनाच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या वीटभट्टीविषयक अधिसूचनेने जुन्या भट्ट्यांना झिगझॅग किंवा तत्सम तंत्र स्वीकारण्यास मुदत दिली, ती यादीतील शहरांपासून १० किलोमीटरच्या आत एक वर्ष आणि अन्यत्र दोन वर्षे. भट्टीजवळ राहणाऱ्या कुटुंबाच्या श्वासाला हा फरक कसा समजावा, हे अधिसूचना सांगत नाही.

कार्बनचा हिशेब आणि धुराचा हिशेब

कार्बन डायऑक्साइड वायु अधिनियमाच्या व्याख्येत बसू शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील स्वच्छ हवा कायद्याबाबत २००७ मध्ये असाच निर्णय दिला होता. आपल्याकडे मात्र १२ प्रदूषकांत तो नाही. त्याचे नियमन ऊर्जा संवर्धन अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती व २०२३ ची कार्बन क्रेडिट व्यापार योजना यांच्या द्वारे, म्हणजे मोठ्या उद्योगांपुरत्या बाजारपेठेमार्फत होते. उत्सर्जनाची तीव्रता २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी घटविणे व २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठणे ही राष्ट्रीय उद्दिष्टे आहेत. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या संरक्षणासंबंधीच्या प्रकरणात, अनुच्छेद १४ व २१ मधून मान्य केला. तथापि हवामानाचा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

हे दोन हिशेब वेगळे ठेवल्याने काय होते, हे हळदीच्या उदाहरणावरून कळते. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. काढणीनंतर कंद शिजवावे लागतात व त्यासाठी लाकूड, पऱ्हाट्या किंवा वाळलेला पाला जाळला जातो. आंतरराष्ट्रीय गणनापद्धतीत जैव इंधनाचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जाक्षेत्राच्या एकूण बेरजेत धरला जात नाही. उलट सिलिंडरमधील गॅस जाळला तर तो धरला जातो. म्हणजे कार्बनच्या वहीत कढईखालचे लाकूड जवळजवळ निर्दोष आणि गॅस सदोष! कढईजवळ उभ्या असलेल्या मजूर स्त्रीच्या फुप्फुसांचा हिशेब नेमका उलटा निघतो. शिवाय काजळीयुक्त कण स्वतःही तापमानवाढीस हातभार लावतात आणि ते या वहीत कोठेच नाहीत.

कलम १९ राज्य शासनाला नियंत्रण क्षेत्रात अमान्य इंधनाचा वापर बंद करण्याचा अधिकार देते. 'इंधन नसलेल्या' पदार्थांच्या ज्वलनावरही बंदी घालता येते. पाला बांधावर पेटविला तर एक उपकलम आणि तोच कढईखाली घातला तर दुसरे, अशी ही रचना आहे. अर्थात पर्याय न देता अशी बंदी घातल्यास तिचा भार शेतकऱ्यावरच पडेल, हेही मान्य केले पाहिजे. वाफेवर शिजवणारी यंत्रे हा व्यवहार्य मार्ग आहे आणि ती भाड्याने फिरतातही. त्यामुळे येथे दंडापेक्षा अनुदानाचे धोरण अधिक उपयोगी ठरेल असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गावापर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेल्या तरतुदी

रस्त्यालगतच्या गावाला सर्वांत मोठा लाभ मंडळाच्या संमतिपत्रातून नव्हे, तर तेलशुद्धीकरण कारखान्यातून झाला असे म्हणावे लागेल. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानके देशभर लागू झाली आणि इंधनातील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. हे इंधन महानगरात व नाक्यावर सारखेच मिळते. यासाठी गावात मोजणीयंत्र लागले नाही. जुन्या ट्रकांचा प्रश्न मात्र उरतोच. १ मे २०१६ रोजी सुरू झालेली उज्ज्वला योजनाही पर्यावरण कायद्याचा भाग नाही, तरी चुलीच्या धुराला थेट हात घालणारी तीच होय. सिलिंडर पुन्हा भरून घेण्याच्या खर्चावर तिचे यश अवलंबून असते.

दंडाच्या बाजूने पाहता, जन विश्वास अधिनियम, २०२३ ने वायु अधिनियमातील अनेक उल्लंघनांसाठीचा कारावास काढून १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती ठेवली. हे बदल १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. आव्याच्या मालकास भारतीय न्याय संहितेचे कलम २८० लावले, तर हवा आरोग्यास अपायकारक करण्याबद्दल द्रव्यदंड एक हजार रुपयांपर्यंतच आहे.

ग्रामस्थांच्या हाती खरोखर येऊ शकेल असे साधन वेगळ्याच संहितेत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३) जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकारी आरोग्यास अपायकारक व्यवसाय बंद करण्याचा किंवा हलविण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. त्यासाठी मायक्रोग्रॅमचा आकडा किंवा धुरांड्यातील नमुना आवश्यक नाही. पोलिसांचा अहवाल अथवा अन्य माहिती पुरेशी ठरते. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली गटारे व दुर्गंधी दूर करण्याचा आदेश कायम केला आणि निधी नसल्याची सबब फेटाळली. मात्र दंडाधिकाऱ्यांचा अधिकार हद्दीपुरता असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक विभागणीही मराठवाडा व विदर्भ अशी निराळी आहे. दिल्ली परिसरासाठी २०२१ च्या कायद्याने राज्यांच्या सीमा ओलांडणारा आयोग नेमला, तशी व्यवस्था इतरत्र नाही. भट्टी वाशीम जिल्ह्यात आणि धूर कनेरगावात अशी स्थिती असेल, तर अर्ज भट्टीच्या हद्दीतील दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात, करावा लागतो.