चोवीस तासांचे अर्थशास्त्र : विश्रांती, स्वतःची काळजी आणि विकास

जमीन, भांडवल आणि शिक्षण यांचे वाटप समाजात विषम असते. वेळ मात्र सर्वांना सारखाच मिळतो. कोणाच्याही वाट्याला दिवसाची १४४० मिनिटेच येतात. म्हणूनच स्वतःकडे लक्ष द्यायला वेळ मिळत नाही, अशी तक्रार ऐकली की तो त्या व्यक्तीच्या शिस्तीचा किंवा नियोजनाचा दोष मानण्याकडे आपला कल असतो. पहाटे लवकर उठावे, वेळापत्रक आखावे, आळस टाकावा, असे सल्ले दिले जातात. हे सल्ले चुकीचे नाहीत. परंतु ते अपुरे आहेत. वेळ सर्वांना सारखा मिळत असला, तरी त्यावरील हक्क सारखा नसतो. ज्या घरात नळ नाही, ज्या आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी दुसरे कोणी नाही, ज्या कामाच्या ठिकाणी सुटण्याची वेळ ठरलेली नाही, तेथे विश्रांतीचा वेळ आधीच खर्ची पडलेला असतो. विकासाच्या अभ्यासात या स्थितीला ‘वेळेचे दारिद्र्य’ असे म्हटले जाते. या दृष्टीने पाहिले असता स्वतःची काळजी आणि जीवनातील समतोल हा विषय आरोग्याइतकाच श्रम, स्त्री-पुरुष समानता आणि सार्वजनिक सुविधा यांच्याशीही निगडित असल्याचे दिसून येते.

हक्क म्हणून विश्रांती

विश्रांती ही चैन नसून हक्क आहे, ही कल्पना विसाव्या शतकात सर्वमान्य झाली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील कलम २४ प्रत्येकाला विश्रांतीचा व फुरसतीचा, कामाच्या तासांवर वाजवी मर्यादा असण्याचा आणि ठरावीक काळाने पगारी सुट्टी मिळण्याचा हक्क देते. भारतीय राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हा विचार आढळतो. अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांविषयी आहे. अनुच्छेद ४३ निर्वाह वेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता येईल अशी कामाची परिस्थिती आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी उपलब्ध करून देण्याची अपेक्षा राज्याकडून करतो. वेतन आणि फुरसत यांचा उल्लेख घटनाकारांनी एकाच अनुच्छेदात केला, ही बाब अर्थपूर्ण आहे.

या तरतुदींमागे दीर्घ संघर्ष आहे. भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने बालकामगारांच्या कामाचे तास मर्यादित केले. प्रौढांना त्याचे संरक्षण नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्यांच्या सातत्यपूर्ण प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिला वैधानिक आधार दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मधील आपल्या पहिल्याच करारात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सुचवली. भारतासाठी मात्र त्यात ६० तासांची वेगळी तरतूद होती. १९२२ च्या कायद्याने ६० तास, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तास, असा हा प्रवास झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ४८ तासांच्या मर्यादेची पायाभरणी त्याच कारकिर्दीत झाली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात आठवड्याची सुट्टी, मधली विश्रांती आणि कामाच्या तासांची मर्यादा यांना सविस्तर स्थान मिळाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या असून, या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. दिवसाला आठ तासांच्या कामाचे आणि आठवड्याच्या सुट्टीचे तत्त्व तीतही कायम आहे.

तथापि, या इतिहासाला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे, देशातील बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात असल्याने कामाच्या तासांचा कायदा त्यांच्यापर्यंत प्रत्यक्षात क्वचितच पोहोचतो. दुसरी म्हणजे, हा कायदा फक्त मोबदल्याच्या कामाचे तास मोजतो. स्वयंपाकघराला भोंगा नसतो आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीला साप्ताहिक सुट्टी नसते. हे अदृश्य तास मोजण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज होती.

वेळ कसा मोजतात?

‘वेळ वापर सर्वेक्षण’ हे ते साधन होय. भारतात असे प्रायोगिक सर्वेक्षण जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या कामांवर पुरुष आठवड्याला सरासरी ४२ तास, तर स्त्रिया १९ तास देतात, असे त्यातून दिसले. घरकाम व संगोपन यांसारख्या, त्या हिशेबाबाहेर राहणाऱ्या कामांत चित्र नेमके उलटे होते. स्त्रिया ३४.६ तास, तर पुरुष ३.६ तास. दोन्ही प्रकारची बेरीज केली की पुरुषांचे सुमारे साडेपंचेचाळीस आणि स्त्रियांचे साडेत्रेपन्न तास होतात. ‘काम न करणारी’ म्हणून नोंदली जाणारी गृहिणी प्रत्यक्षात अधिक तास राबत होती.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशव्यापी सर्वेक्षण प्रथम २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये केले. यात सहा वर्षे व त्यावरील व्यक्तींना पहाटे चारपासून पुढील चोवीस तासांत प्रत्येक अर्ध्या तासात काय केले, हे विचारले जाते. २०२४ च्या निष्कर्षांनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही सरासरी ते काम करणाऱ्यांपुरती आहे, संपूर्ण लोकसंख्येची नाही. २०१९ मध्ये घरकामात सहभागी स्त्रिया ८१.२ टक्के होत्या, तर पुरुष केवळ २६.१ टक्के. म्हणजे बहुसंख्य पुरुष या सरासरीत मोजलेच जात नाहीत.

झोप, जेवण, स्वच्छता अशा स्वतःच्या देखभालीवर २०२४ मध्ये दिवसाला सरासरी ७०८ मिनिटे खर्च होत होती. २०१९ मध्ये ती ७२६ होती. या बाबतीत स्त्री-पुरुषांत फरक अल्प, म्हणजे ७०६ आणि ७१० मिनिटे, इतकाच आहे. संस्कृती, करमणूक, प्रसारमाध्यमे व खेळ या गटात मात्र पुरुषांना १७७ आणि स्त्रियांना १६४ मिनिटे मिळाली.

या फरकांवरून वेळेची विषमता किरकोळ आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सरासरीत नोकरी करणाऱ्या व न करणाऱ्या, अशा सर्व स्त्रिया एकत्र येतात. वेळेचे दारिद्र्य तीव्र होते ते दोन्ही कामे एकाच व्यक्तीवर येतात तेव्हा. उदाहरणादाखल, आठ तास नोकरी, जाण्यायेण्यात दोन तास आणि घरकामात पाच तास देणारी स्त्री घ्या. पंधरा तास संपले. उरले नऊ. देशातील सरासरी व्यक्ती झोप, जेवण व स्नान यांनाच पावणेबारा तासांहून अधिक वेळ देते. म्हणजे ही स्त्री फुरसतीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पावणेतीन तासांनी मागे आहे. ही तूट कोठून भरून निघते? प्रथम झोपेतून, मग जेवणातून आणि शेवटी प्रकृतीतून.

तुटीची किंमत

या तुटीची किंमत मोजता येते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. अशा दीर्घ कामाशी निगडित मृत्यूंची संख्या २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार होती. सततच्या ताणातून येणारी ‘कार्यजन्य शक्तिहीनता’ हीदेखील संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत नोंदली आहे. तेथे तिला आजार न म्हणता व्यवसायाशी संबंधित घटना म्हटले आहे. तिचे मूळ व्यक्तीच्या दुबळेपणात नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या सततच्या आणि नीट न हाताळलेल्या ताणात असते, असा याचा अर्थ होतो.

वेळ मोकळा करणाऱ्या योजना

वेळेचे दारिद्र्य कमी करण्याचे तीन मार्ग सांगितले जातात: कामाचे कष्ट कमी करणे, कामाचा काही भार समाजाने उचलणे आणि उरलेले काम घरात वाटून घेणे.

पहिल्या मार्गात पाणी व इंधन यांच्या योजना येतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळजोडणी होती. ही संख्या आता १५ कोटींच्या पुढे गेली आहे. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून १० कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या गेल्या. नळाला नियमित पाणी आले आणि दुसरे सिलिंडर परवडले, तरच हंड्याचा व सरपणाचा वेळ खरोखर वाचतो. म्हणून जोडण्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या वापराकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.

दुसऱ्या मार्गात अंगणवाडी, पाळणाघर आणि रजा यांचा समावेश होतो. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. बसण्यासाठीही कायदा लागावा, यावरून विश्रांतीचा प्रश्न किती मूलभूत आहे हे कळते.

तिसरा मार्ग सर्वांत कठीण आहे, कारण तो कायद्याच्या कक्षेत पूर्णपणे येत नाही. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी ५.४ क्रमांकाचे लक्ष्य विनामोबदला कामाची दखल घेणे आणि कुटुंबात जबाबदारीची वाटणी करणे यांवर भर देते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. २६ आठवडे आणि १५ दिवस यांतील अंतर संगोपनाविषयीच्या आपल्या सामाजिक अपेक्षांचेच प्रतिबिंब आहे.

परीक्षार्थी आणि समतोल

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी या साऱ्याला अपवाद नाही. जितके अधिक तास तितके अधिक यश, ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे. वास्तविक, वाचलेले स्मृतीत पक्के होण्याच्या प्रक्रियेत झोपेचा मोठा वाटा असतो. प्रौढांना किमान सात तास आणि १३ ते १८ वयोगटाला आठ ते दहा तास झोप आवश्यक मानली जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवते. म्हणजे दिवसाला बावीस मिनिटेही नाहीत. त्यामुळे वेळापत्रक आखताना आधी अभ्यास भरून उरलेल्या जागेत झोप बसवण्याऐवजी झोप, जेवण व व्यायाम प्रथम निश्चित करावेत आणि उरलेल्या वेळेत अभ्यास मांडावा, हे अधिक शास्त्रीय ठरते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच दृष्टिकोन आहे. दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी असावी आणि सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी नसावी, असे त्यांत सुचवले आहे. मानसिक ताण असह्य झाल्यास १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही निःशुल्क समुपदेशन सेवा उपलब्ध आहे. मदत मागणे हाही स्वतःच्या काळजीचाच भाग आहे.

एक प्रश्न मात्र प्रत्येक घराने स्वतःला विचारावयास हवा. एकाच छताखाली परीक्षेची तयारी करणाऱ्या भावाला आणि बहिणीला अभ्यासासाठी सारखेच तास मिळतात का? भाऊ वाचत असताना बहीण पोळ्या लाटत असेल, तर दोघांच्या गुणांतील फरक हा केवळ बुद्धीचा फरक मानता येणार नाही. सरकार नळ देऊ शकते, पाळणाघर उघडू शकते, कामाचे तास ठरवू शकते. त्यातून मोकळा झालेला वेळ कोणाच्या वाट्याला येतो, हे अखेर घरातच ठरते. आपल्या ताटाची जबाबदारी आपण उचलली, की घरातील दुसऱ्या कोणाची तरी काही मिनिटे मोकळी होतात. वेळेच्या न्याय्य वाटपाची सुरुवात तेथूनच होऊ शकते.