हृदयाला ठिगळ लागतं का?

मागच्या सेमला पीएल चालू असताना शेंद्र्याहून घरून फोन आला. वडिलांना सेकंड शिफ्टला असतानाच अटॅक आला होता. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण टू-डी इकोच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के (चांगल्या हृदयाचं ५५ च्या पुढे असतं). म्हणजे पंप चालू, डिस्चार्ज कमी! आठ दिवसांनी मामा एक पत्रक घेऊन आले, ‘स्टेम सेलने हृदय पुन्हा नवे’. खर्च एवढा, की आमचा प्लॉट विकावा लागला असता. घरात होऊ घातलेला इंजिनिअर मी एकटाच, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग जर्नल्स बाजूला ठेवून वाचायला बसलो.

रक्तवाहिनी तुंबली की पुढच्या स्नायूला ऑक्सिजन मिळत नाही आणि काही तासांत पेशी मरतात. मोठ्या अटॅकमध्ये १०० कोटीपर्यंत! खरचटलेली कातडी भरून येते, हृदयात मात्र नुसता व्रण उरतो. तो फाटत नाही, पण आकुंचनही पावत नाही. नव्या पेशी अगदीच होत नाहीत असं नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हृदयपेशींचं वय काढलं. (बॉम्बचा असाही उपयोग!) पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी बदलतात, म्हातारपणी त्याच्याही निम्म्या.

मूळपेशी म्हणजे अजून ब्रँच न ठरलेली पेशी. २००१ मध्ये अमेरिकेत पिएरो अँव्हर्सा यांनी जाहीर केलं, की अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्यावर उंदराच्या हृदयात नवा स्नायू तयार झाला. लगेच जगभर पेशंटवर प्रयोग सुरू. २००४ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी तपासलं, तर मज्जेतली रक्ताची पेशी रक्ताचीच राहते. २०१८ मध्ये हार्वर्डने अँव्हर्सांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यायला सांगितले. आणि मामांचं पत्रक उभं होतं ते याच मज्जेवर.

मग खरी हृदयपेशी बनवताच येत नाही का? येते. जपानच्या यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या कातडीची पेशी उलटी नेऊन मूळपेशी केली. मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत भ्रूणापासून ‘काइंड-२’ ही पेशीमालिका केली आणि तिच्यापासून हृदयाच्या पूर्वज पेशी. अशा मूळपेशींपासून केलेल्या हृदयपेशी बशीत चक्क धडधडतात.

खरी गंमत पुढे आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको, जनरेटर ग्रिडला जोडताना आधी सिंक्रोनाइझ करावा लागतो. सिएटलच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात १०० कोटी पेशी सोडल्या. पेशी जगल्या, जोडल्याही गेल्या, पण ठोके बिघडले. नव्या पेशी आपल्याच तालावर! २०२५ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या गटाने पेशींचं ठिगळ बसवल्याचं प्रसिद्ध केलं. माकडांत ते टिकलं, ठोकेही बिघडले नाहीत. एका पेशंटलाही बसवून पाहिलं. पण २०२५ मध्ये हे सगळं चाचणीतच होतं.

आयसीएमआरचे २०१७ चे नियम सांगतात, की रक्ताच्या आजारांसारखे ठरलेले उपयोग सोडले तर मूळपेशी फक्त नोंदणीकृत चाचणीतच द्यायच्या, आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. मी पत्रकावरच्या नंबरला फोन लावून चाचणीचा सीटीआरआय नंबर विचारला. उत्तर आलं, “पेशंटला कधी आणताय?”

मामा अजून रुसलेले आहेत. प्लॉट जागेवर आहे. वडील गोळ्या घेतात, संध्याकाळी एमआयडीसीच्या रस्त्याने चालतात. मार्चच्या इकोत आकडा ४० आला. पुढचा इको नेमका सबमिशनच्या आठवड्यात आहे.