गुरूचे फोटो नासा काढते, पण बनवतं कोण?

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच उडवलेत. काही मुद्दाम ठेवलेत.

तर, सुरुवात एका फॉरवर्डपासून. दिवाळी आली की फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. काळ्या अंधारात भाराताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे, आणि खाली ओळ: 'नासाने दिवाळीच्या रात्री काढलेला भारत.' तुमच्याकडेही आला असणारच.

गंमत अशी की तो फोटो कुणी फोटोशॉपमध्ये बसून खोटा बनवलेला नाहीये. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने तो उपग्रहाच्या डेटावरून २००३ मध्ये तयार केला. पण त्यातले रंग म्हणजे रोषणाई नाही, वर्षं आहेत! १९९२ च्या आधीपासून दिसणारे शहरांचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये नव्याने दिसलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. शहरं कशी पसरत गेली याचा तो तक्ता आहे. २०१२ मध्ये नासाने दिवाळीच्या दिवसांतला खरा उपग्रह-फोटो टाकला आणि हे सगळं समजावून सांगितलं. त्या खऱ्या फोटोत दिवाळी ओळखूसुद्धा येत नाही, कारण सणाचा जास्तीचा उजेड शहरांच्या रोजच्या दिव्यांपुढे इतका कमी असतो की अंतराळातून कळतच नाही. फॉरवर्ड अर्थातच थांबला नाही.

माझ्या मते इथे झालं काय, तर चित्र फिरलं आणि त्याच्यासोबतची माहिती मागे राहिली. कोणता रंग कशासाठी, कोणता डेटा, कुणी जोडला, हे गळून पडलं की शास्त्रीय तक्त्याचा वॉलपेपर होतो. आणि अंतराळातला जवळजवळ प्रत्येक फोटो असाच 'बनवलेला' असतो. त्यामुळे 'नासाचे फोटो एडिटेड असतात' असं कुणी म्हणालं, तर त्याला वेड्यात काढण्याऐवजी मी म्हणतो, हो, असतात. आता विचार की एडिटिंगच्या आधीची फाईल कुठे मिळते.

या प्रश्नाला सगळ्यात भारी उत्तर माझ्या माहितीत एकाच मोहिमेकडे आहे: जुनो.

जुनो यान ऑगस्ट २०११ मध्ये निघालं आणि जुलै २०१६ मध्ये गुरू ग्रहाच्या कक्षेत पोचलं. त्याचं मुख्य काम गुरूच्या पोटात काय दडलंय ते शोधणं. गुरुत्वाकर्षण, चुंबकीय क्षेत्र, वातावरणातलं पाणी. या कामाला आपल्या डोळ्यांना दिसतात तसे फोटो काढणारा कॅमेरा लागतच नाही. पण गुरूपर्यंत जायचं आणि लोकांना दाखवायला फोटोच नाही, हे काही टीमला पटेना. म्हणून 'जुनोकॅम' नावाचा छोटा कॅमेरा चढवला गेला, आणि तो मुख्यतः लोकांसाठीच. फोटोंवर प्रक्रिया करणारी पगारी तज्ज्ञांची मोठी टीम त्याच्यासाठी ठेवलीच नाही. कच्चे फोटो वेबसाइटवर टाकायचे आणि जगाला सांगायचं, घ्या, बनवा!

हे नुसतं दाखवण्यापुरतं नव्हतं. हौशी खगोलप्रेमी आपापल्या दुर्बिणीतून काढलेले गुरूचे फोटो पाठवायचे, त्यावरून जुनो पोचेल तेव्हा खाली काय दिसेल याचा अंदाज बांधला जायचा. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत तर गुरूवरच्या कुठल्या ठिकाणाचा फोटो काढायचा, यावर लोकांचं मतदान घेतलं गेलं. कॅमेऱ्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या कँडिस हॅन्सन यांनी ही लोकांची टीम म्हणजे आपली खरी टीम असंच ते चालवलं.

आता तो कच्चा फोटो कसा असतो ते बघू. इथे मी जरा रमणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते.

जुनो सरळ तोंड करून उडत नाही, स्वतःभोवती गिरक्या घेत जातं. मिनिटाला साधारण दोन गिरक्या, म्हणजे एक गिरकी ३० सेकंदांची. फिरणाऱ्या भोवऱ्यावर मोबाईल बांधून फोटो काढायचा प्रयत्न करा, सगळं फराटलेलं येईल. मग उपाय काय? तुमच्या फोनमधला पॅनोरमा मोड आठवा. फोन हळूहळू फिरवायचा, तो बारीक बारीक पट्ट्या घेतो आणि जोडतो. जुनोकॅम तेच करतो, फक्त 'फोन फिरवणारा हात' म्हणजे यानाची स्वतःची गिरकी. सेन्सरवर फिल्टरच्या चार पट्ट्या आहेत: लाल, हिरवी, निळी, आणि चौथी मिथेन वायूसाठी. गिरकी चालू असताना प्रत्येक फिल्टरमधून १२८ पिक्सेल उंचीची एकेक अरुंद पट्टी घेतली जाते. पृथ्वीवर येते ती या कृष्णधवल पट्ट्यांची एकाखाली एक लावलेली उंचच उंच शिडी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं डाउनलोड अर्धवट झालं.

त्यातून फोटो बनवायचा म्हणजे आधी रंगांच्या पट्ट्या वेगळ्या करायच्या, मग त्या एकमेकांवर बसवायच्या. पण त्या सरळ बसत नाहीत! गुरूच्या सगळ्यात जवळून जाताना जुनोचा वेग सेकंदाला ५८ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका गिरकीत यान सुमारे १७०० किलोमीटर पुढे गेलेलं असतं, साधारण मुंबईहून रेल्वेने नागपूरला जाऊन परत यावं इतकं. अर्ध्या मिनिटात! पहिली पट्टी एका जागेवरून घेतलेली, शेवटची भलत्याच जागेवरून. त्यामुळे प्रत्येक पट्टीच्या क्षणी यान नेमकं कुठे होतं, कुठे तोंड करून होतं, लेन्समुळे कडा किती वाकल्या, हे सगळं हिशेबात घेऊन त्या पट्ट्या गुरूच्या गोलावर चिकटवाव्या लागतात. यानाच्या जागेची आणि दिशेची ती माहितीसुद्धा नासा फुकट देते. आणि गोल म्हणताना तोही पूर्ण गोल नाही, गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो म्हणून मधे फुगलेला आहे.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हा वीकेंडचा स्वर्ग आहे. आणि खरंच, यात नाव कमावलेली माणसं अशीच आहेत. जर्मनीतले गेराल्ड आइखश्टेट हे गणिती, त्यांनी या पट्ट्या जोडण्याची स्वतःची पद्धत लिहिली. केविन गिल हे पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. शॉन डोरन यांनी आइखश्टेट यांच्याबरोबर अशी चित्रं केली, की आज 'गुरू' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे निळे-पांढरे भोवरे पुष्कळदा त्यांच्यासारख्यांच्या हातचे असतात. नासा स्वतःच्या पानावर ही चित्रं छापते तेव्हा श्रेयाच्या ओळीत 'प्रक्रिया कुणाची' म्हणून या लोकांचं नाव असतं. पुढे यातले काही जण शोधनिबंधांचे सहलेखकही झाले.

आता रंगांचं. ते गडद निळे भोवरे खरे आहेत का? भोवरे खरे, गडदपणा वाढवलेला. डोळ्यांना गुरू बराच फिकट दिसेल, दुधाळ, बदामी, तपकिरी छटांचा. ढगांमधले बारीक फरक दिसावेत म्हणून रंग ताणले जातात. फसवणूक म्हणायची का? मी म्हणेन, नाही, कारण शेजारीच कच्ची फाईल पडलेली आहे. तुम्हाला फिकट हवा, तर फिकट बनवा. एकाच फेरीच्या डेटावरून चार माणसांनी चार वेगळे गुरू केलेले तिथे दिसतात, आणि चारही जणांचे ढग मात्र त्याच जागी असतात. मला तरी यापेक्षा चांगला पुरावा सुचत नाही.

सगळं उघड्यावर करण्यात एक जोखीमही असते. तुमचं बिघडलेलंही दिसतं. गुरूभोवतीचा किरणोत्सर्ग भयंकर आहे. जुनोचे मुख्य इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या पेटीत आहेत, पण जुनोकॅमचं डोकं पेटीच्या बाहेर. तो आठ फेऱ्या तरी टिकावा अशा हिशेबाने बनवलेला, टिकला त्याच्या कितीतरी पट. ४७ व्या फेरीपासून मात्र फोटोंत बिघाड दिसू लागला आणि ५६ व्या फेरीपर्यंत फोटो जवळजवळ सगळे खराब. पुढे आयो हा ज्वालामुखींनी भरलेला चंद्र अगदी जवळून बघण्याची संधी येत होती, ३० डिसेंबर २०२३ ला. ५० कोटी किलोमीटरच्या पलीकडे कुणाला दुरुस्तीला पाठवणार? टीमने कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण चढवला आणि तो मुद्दाम तापवत ठेवला. धातू किंवा सिलिकॉन तापवून सावकाश थंड केलं की आतले दोष कधीकधी भरून येतात, या तत्त्वावर. आधी काही दिवस फरक नाही. मग भेटीला थोडेच दिवस उरले असताना फोटो सुधारू लागले, आणि सुमारे १५०० किलोमीटरवरून आयोचे डोंगर स्वच्छ आले. पुढे नुकसान पुन्हा दिसू लागलं, तो भाग वेगळा. पण खराब फोटो लपवलेले नव्हते.

मग सगळेच असं का करत नाहीत? कारण दुसरी बाजूही खरी आहे. २०१४ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीचं रोझेटा यान एका धूमकेतूपाशी पोचलं. त्यावर दोन प्रकारचे कॅमेरे होते. एक दिशा शोधण्यापुरता साधा, त्याचे फोटो एजन्सीने खुले केले. दुसरा 'ओसायरिस', खूप जास्त बारकावे टिपणारा, तो जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या नेतृत्वाखालच्या टीमचा. त्यांना डेटा सहा महिने स्वतःकडे ठेवायची मुभा होती आणि त्यांनी अगदी मोजकेच फोटो सोडले. लोक चिडले. पण त्या शास्त्रज्ञांच्या जागी उभं राहून बघा. कॅमेरा बनवण्यात आणि मग दहा वर्षं यान पोचण्याची वाट बघण्यात निम्मी कारकीर्द गेली, आणि पहिला शोध तिसऱ्याच कुणीतरी फोटो डाउनलोड करून छापला तर? जेम्स वेब दुर्बिणीतही याच कारणाने बऱ्याच निरीक्षणांवर पहिलं वर्षभर ती मागणाऱ्या शास्त्रज्ञाचा हक्क असतो. मला ही मुदत अन्यायाची वाटत नाही. पण त्या काळात लोकांना दोन-चार फोटोसुद्धा न देणं मात्र पटत नाही, कारण यान लोकांच्याच पैशांवर उडालेलं असतं.

आणि खुल्या डेटाचा फायदा आपल्या घरापर्यंत आलेला आहे. ७ सप्टेंबर २०१९, चांद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरता उतरता संपर्क तुटला. त्या रात्री आपण सगळे जागे होतो. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने त्या भागाचे फोटो काढले आणि सप्टेंबर अखेरीस सगळ्यांसाठी टाकले. सोबत प्रामाणिकपणे सांगितलं की आम्हाला लँडर सापडलेला नाही. चेन्नईतले षण्मुग सुब्रमण्यन, मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी आयटीतली. त्यांनी घरी बसून त्याच जागेचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि आधी नसलेला एक उजळ ठिपका पकडला. ठिपका. एका पिक्सेलइतका! त्यांनी एलआरओच्या टीमला कळवलं, टीमने पुढचे फोटो तपासले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला नासाने जाहीर केलं की हा विक्रमचाच अवशेष, मुख्य आघाताच्या जागेपासून वायव्येला सुमारे ७५० मीटरवर. शोधाचं श्रेय त्यांच्या नावाने दिलं.

यात मला टोचतं ते एवढंच, की आपल्या लँडरचा तुकडा आपल्या माणसाला सापडला तो दुसऱ्यांच्या फोटोंत. इस्रोकडे डेटा नाही असं अजिबात नाही. बंगळुरूजवळ ब्यालाळूला आपलं अंतराळ-विज्ञान डेटा केंद्र आहे, त्याचं 'प्रदान' नावाचं पोर्टल आहे, आणि डिसेंबर २०२० पासून चांद्रयान-२ चा डेटा तिथे टप्प्याटप्प्याने येतोय. खातं उघडून कुणीही उतरवू शकतं. पण चांद्रयान-३ उतरताना २३ ऑगस्ट २०२३ ला यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक इस्रोचं थेट प्रक्षेपण बघत होते. त्यातल्या किती जणांना 'प्रदान' हा शब्द माहीत असेल? गर्दी आहे, डेटा आहे, मधला जिना नाहीये. 'ही फाईल अशी उघडा' असं मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत सांगणारं एखादं पान, एखादा दहा मिनिटांचा व्हिडिओ, एवढ्यानेही फरक पडेल असं मला वाटतं.

तोवर तुम्ही जुनोकॅमवर हात साफ करू शकता. मोहिमेच्या वेबसाइटवर जुनोकॅमचं पान आहे, तिथे फेरीनुसार फोटो लावलेत. बघायला फोन पुरेसा आहे, जोडायला लॅपटॉप आणि जिम्पसारखं फुकट सॉफ्टवेअर. पट्ट्यांचं गणित नको असेल तर आधीच नकाशावर बसवलेली प्रतही फाईलसोबत मिळते, रंगांशी खेळायला तीच घ्या. नासाच्या फोटोंवर सहसा कॉपीराइट नसतो, पण श्रेयाची ओळ ठेवा. आणि फॅमिली ग्रुपवर टाकणार असाल, तर रंग किती ताणलेत तेही खाली लिहा. काही बनवलंत तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागाचं कव्हर त्यातूनच निवडू.